कर्व्ह केलेल्या कविता

१२ जानेवारी, रविवार

ग्रुपवर सकाळपासून हसताहेत. हसा लेको.

काल संध्याकाळी 'बाजार' कवितेचं पान पुरं केलं आणि पिशोर शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं. माझ्या पडद्यावर काय देखणं दिसत होतं! बैलगाडीच्या चाकाभोवती कवितेची ओळ गोल फिरवलेली, शाळेत आमचे गुरुजी फळ्यावर खडूनं फिरवायचे तशीच. लोकांच्या फोनवर उघडलं तर चाक जागेवर आणि अक्षरं अंगणात सांडलेल्या ज्वारीसारखी. काने एकीकडे, वेलांट्या दुसरीकडे, मधे रिकामे चौकोन. एकानं विचारलंय, "सर, ही कोणत्या लेण्यातली लिपी?" त्यावर बाकीच्यांचे दात.

रामरावचा फोन. माझ्या मागच्या बाकावरचा हा प्राणी आता स्नेहमेळावा समितीचा सचिव आहे. बँकेतून निवृत्त झाला, पण अजून काउंटरच्या पलीकडून बोलतो. "दिगंबर, फॉन्ट तुझ्या मशीनवर आहे, लोकांच्या नाही. सगळं कर्व्ह करून पाठव."

हे मला माहीत नाही होय? जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतर औरंगपुऱ्यात क्लास लावून संगणकावर रेघा ओढायला शिकलो. कर्व्ह करायचं म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून नुसता आकार ठेवायचा. मग ते कुठल्याच मशीनवर मोडत नाही. विसरलो, एवढंच. विसरलो म्हणून लेणी काढायची?

सौ. म्हणाली, "सकाळी सकाळी कुणावर ओरडताय?" चाकावर, म्हटलं.


१३ जाने.

सगळी पानं कर्व्ह केली. हात दुखला, पण मन तिकडेच, पिशोरला.

शनिवारची सकाळची शाळा. गुरुजी फळ्यावर स्वतःची नवी कविता लिहायचे आणि भोवती खडूचं चित्र. वहीत उतरवायची सक्त मनाई. "वहीत गेलं की डोक्यातून जातं." जो पोरगा आधी, न अडखळता, सबंध म्हणून दाखवील त्याला फळा पुसायचा मान. आम्ही अजून दुसऱ्या कडव्यात चाचपडतोय तोवर युसूफ उठून उभा. खडखड म्हणायचा आणि डस्टर हातात घेऊन असा काही चालायचा की जणू घोड्यावर बसलाय.

गुरुजींनी आयुष्यात काही छापलं नाही. ज्यानं पुसलं त्याच्याकडेच सगळं शिल्लक राहिलं. आमच्याकडे तुकडे. 'बाजार'चा हा तुकडा मात्र मला झोपेतसुद्धा येतो:

आला बाजार, आला बाजार,
गाडीखाली कुत्रं गार.
मिरच्या रडती, गूळ हसतो,
कांदा कोपऱ्यात रुसून बसतो.

युसूफचे डोळे काचबिंदूनं गेले. लेकाच्या बांगड्यांच्या दुकानात बसून असतो. त्यानं फोनवर कविता सांगितल्या, मी घेतल्या, भोवतीची चित्रं आठवून काढली. ९ फेब्रुवारीच्या मेळाव्यात सगळ्यांच्या फोनवर पीडीएफ जाणार आणि शाळेच्या वेबसाईटवर पानं चढणार. एकदा चढली की पुढची पोरं तीच पाठ करणार. म्हणून युसूफनं तपासल्याशिवाय एक पान ग्रुपबाहेर जाता कामा नये. रामरावला हे पहिल्याच दिवशी सांगितलंय. "हो हो" म्हणाला.


१४ जाने. संक्रांत

पानं पाठवली. ग्रुपवर अंगठे, फुलं, "वा सर", "डोळे भरून आले". परवाचे लेणीवाले पण त्यात. आज डोळे भरले काय?

संध्याकाळी युसूफ.

"दिगू, तीळगूळ घे. अन् ह्ये काय पाठवलंस?"

"का? उघडलं नाही?"

"उघडलं की. बाई म्हनती, चित्र. खाली सरकवलं. चित्र. आजून खाली. चित्र. कविता कुटं हायत?"

बाई म्हणजे त्याच्या फोनमधला आवाज. नातीनं लावून दिलाय. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवतो. त्यावर तो पेपर ऐकतो, कापसाचा भाव ऐकतो, जावयाचे लांबलचक निरोप ऐकतो.

मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. अक्षरं मी ठेवलीच कुठं? आकार बाई वाचणार कशी?

"बाईला मुकी केलीस व्हय रे," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. ज्याच्या तोंडून कविता घेतल्या त्यालाच त्या बंद. आणि ग्रुपवर फुलं उधळताहेत.


१५ जाने.

यापेक्षा वाईट काही व्हायचं शिल्लक होतं, ते आज कळलं.

कर्व्ह केल्यावर त्याच फाइलींवर सेव्ह केलं. सगळ्याच्या सगळ्या. अक्षरं असलेली एकही प्रत नाही. फोनवर ऐकता ऐकता थेट टाईप केलं होतं, त्यामुळे कागदही नाही.

सौ.: "एक कॉपी बाजूला ठेवायची असते. हे मलासुद्धा कळतं."

तिला कळतं. त्या सॉफ्टवेअरला कळू नये? 'सेव्ह करू का' विचारतं. बाबा रे, जन्माचं घालवून बसशील, असं विचारावं ना. तिसरीतलं पोर फळा पुसायच्या आधी "पुसू का गुरुजी?" म्हणून तोंडाकडे बघायचं.

आता चित्रांत बघून बघून सगळं पुन्हा टाईप करायचं. आजपासूनच.


१८ जाने., शनिवार

टाईप झालं. सवयीच्या फॉन्टमधे केलं, वळणदार, पत्रिकांवर असायचा तो. या वेळी अक्षरं अक्षरंच ठेवली आणि फॉन्टही फाइलीत कोंबून दिला, म्हणजे मोडायला नको आणि बाईला वाचताही यावं. बरोबर केलं ना? केलं. पाठवलं.

युसूफ: "दिगू, बाई शिव्या देती रे."

"काय?"

"विंग्रजीत. ऐक." फोनला फोन लावला. बाई ठणाठणा म्हणत होती, के, डॉलर, एच, कंस पूर्ण, पर्सेंट, डब्ल्यू. मागे दुकानातल्या बाया खिदळत होत्या. कुणीतरी म्हणालं, "चाचा, मॅट्रिकला बसलात का?"

आता हे कुणाला सांगायचं? आमचे छापखान्याचे जुने फॉन्ट म्हणजे सोंग. आत इंग्रजी अक्षरं, अंगावर मराठी झबलं. डोळ्याला क दिसतो, मशीनला दुसरंच काही. इतकी वर्षं लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची निमंत्रणं, शाळेचे अहवाल सगळं या सोंगात छापलं आणि एकाही शहाण्यानं सांगितलं नाही की ही मराठी नाहीच. डोळसांची सोय झाली, संपलं! संताप संताप झाला. चहा नको म्हटलं. मग प्यायलो.


२० जाने.

युनिकोडमधे, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, पुन्हा पहिल्यापासून. कळफलक निराळा, बोटं अडखळतात. 'एसटी' कवितेपाशी थांबलो.

लाल डब्याची धूळ निराळी,
पोटात माणसं, डोक्यावर मोळी.

गावात एसटी आली की गुरुजी शिकवणं थांबवून खिडकीशी जायचे. आम्हीही सगळे. वर्गभर डिझेलचा वास यायचा आणि तो आम्हांला अत्तरासारखा वाटायचा. पाऊण तास असाच गेला असेल. सौ.नं येऊन विचारलं, झोपलात का.

संध्याकाळी पीडीएफ करून पाठवली. या वेळी बाई मराठी बोलली, पण वेलांटी आधी आणि अक्षर मागून, शब्द मधेच तुटलेले. "बाईची जीभ जड झाली बघ," युसूफ म्हणाला. "तिला ईसरांती दे आन् तू बी घे."

विश्रांती कसली घेतोय!


२२ जाने.

कॅनॉटला कुणालच्या ऑफिसात गेलो. शाळेची वेबसाईट हाच करतो. कानात काहीतरी खुपसलेलं, पण मुलगा अदबीचा. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग घाव घातला.

"काका, तुमची पानं चढवून तयार आहेत. फक्त लपवून ठेवलीत. नऊ तारखेला उघडायची."

दाखवली. हाय रे! कितीही मोठं केलं तरी रेघ न फाटणाऱ्या माझ्या एसव्हीजी फाइलींचे यानं साधे फोटो, जेपीजी, करून टाकलेले. गुरुजींच्या खडूची केसाएवढी रेघ मी जीव ओतून काढली, ती फोनवर दिसेचना. बोटांनी मोठं केलं तर बैलाच्या जागी भुसा.

"हे कुणाला विचारून?"

"एसव्हीजी आमची सिस्टीम घेत नाही काका, सुरक्षेसाठी बंद असतं. आणि तुमच्या एका बैलात इतक्या गाठी आहेत की फोन लटकतो. रेघेवर एवढे पॉइंट कोण देतं?"

खडू कसा थरथरत जातो ते दाखवायला दिलेत. हे याला काय सांगू. पण खरं सांगतो, त्यानं माझ्यासमोर निम्म्या गाठी काढल्या आणि बैल जवळजवळ तसाच राहिला. जवळजवळ.

मग युसूफचं सांगितलं. त्यानं कानातलं काढलं. नीट ऐकलं. म्हणाला, "होईल की. डोळ्याला दिसायला कर्व्ह केलेली अक्षरं, म्हणजे मोडणार नाहीत. आणि फाइलीच्या आत, न दिसणारा, साधा मजकूर ठेवायचा. आपल्याला चित्र दिसतं, त्यांच्या फोनला आतलं ऐकू येतं. पीडीएफलाही असं करता येतं. सिस्टीमचं कुलूप मी बघतो."

उठून त्याला मिठीच मारणार होतो.

"पण काका, सचिवसाहेबांनी फायनल म्हणून सांगितलंय. परत करायचं तर त्यांचा निरोप लागेल."

फायनल! न तपासता!


२३ जाने.

रामरावशी जुंपली. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

"तू हो हो म्हणाला होतास."

"हो म्हणालो, पण तपासायला त्याला ऐकू तर यायला पाहिजे ना? तुझ्याच फाइली मुक्या."

"म्हणून थांब म्हणतोय."

"दिगंबर, साडेतीनशे लोक येणार आहेत, आमदार येतील न येतील, मंडप, जेवण. आणि एका माणसासाठी सगळं अडवायचं?"

"एक माणूस? अरे, तो एक माणूस नाही, ती मूळ प्रत आहे!"

"त्याला स्टेजवर शाल देऊ की आपण. मी यादीत घातलंय नाव."

"शाल वाचून दाखवते का त्याला?"

फोन आपटायची सोय या फोनांत नाही. नुसतं बोट टेकवायचं. काय उपयोग.

मूर्ख. वर्गातही असाच. कविता कधी पाठ नाही, पण तिसऱ्या रांगेतून "झाली का" विचारायची घाई. एका माणसासाठी म्हणे! फळ्यावरची कविता गुरुजी चाळीस पोरांसाठी लिहीत नसत. त्या शनिवारी जो एक उठून उभा राहील त्याच्यासाठी लिहीत.


२४ जाने.

रामरावचा निरोप, लेखी, नमस्कारासकट: "पाच तारखेपर्यंत सर्व पाने पुनश्च सादर केल्यास विचार करण्यात येईल." सादर! विचार! कर्ज मागतोय का मी?

पण दार उघडलं.


२६ जाने., रविवार

झेंड्याला गेलो नाही, बसून काम केलं. प्रत्येक पानात वरची अक्षरं कर्व्ह, आत साधा मजकूर. कुणालनं फक्त आम्हांला उघडेल अशी चाचणीची लिंक दिली.

आधी स्वतः ऐकून बघावं म्हणून माझ्या फोनमधलीही बाई चालू केली आणि डोळे मिटले. बाईनं 'विहीर' वाचली. सपाट वाचते, फलाटावरच्या घोषणेसारखी, पण प्रत्येक शब्द तिच्या तोंडून आला.

नंतर बाई बंद होईना. जिथं बोट लावीन तिथं बोले. सौ.ची बहीण फोन करत होती तर तिचं नाव तीनदा घेऊन झालं तरी उचलता येईना. सौ. म्हणाली, "ही घरात राहणार असेल तर मी माहेरी जाते." शेवटी कुणालला विचारून बंद केली.

युसूफला फोनवर ऐकवत नाही. स्वतः जातो.


२९ जाने.

पिशोरला जाऊन आलो. कन्नडपर्यंत एसटी, पुढे जीप, गुडघे तोंडाशी. मन शांत नाही. तरी क्रमानं लिहितो.

दुकानात युसूफ गादीवर, फोन कानाशी. लेक हनीफ बाया-पोरींना बांगड्या भरत होता. मला बघून, म्हणजे ऐकून, "आलास व्हय. हनीफ, सरास्नी च्या सांग." लगेच कामाला बसला. बाई एकेक पान वाचायची, तो ओठ हलवत बरोबर म्हणायचा. इतका खूश! मधेच बाईला दटावायचा, "सावकाश गं, गाडी चुकती का तुजी."

'विहीर'मधल्या दोन ओळी वरखाली झाल्या होत्या, सांगितल्या. 'एसटी' बरोबर. 'चिमणी', 'आजीचं जातं' बरोबर. एका ठिकाणी म्हणाला, इथं गुरुजी थांबायचे, जागा सोड. सोडली. हे, हेच हवं होतं मला! रामरावला इथं आणून बसवायला हवं होतं.

मग 'बाजार'. शेवटचं कडवं बाईनं वाचलं:

बाजार उठला, दिवा लागला,
चांद कौलावर येऊन जागला.

युसूफचे ओठ थांबले.

"परत लाव."

परत लावलं.

"ह्ये कुनाचं?"

"कुणाचं म्हणजे? गुरुजींचं."

"नाय."

"अरे, तूच सांगितलंस."

"म्या कुटं सांगितलं. 'दिवा लागला' म्हनलो अन् तूच बोल्लास, पुढचं म्हाईतीय, म्हाईतीय. तुला लई म्हाईती असतं." मग त्यानं म्हटलं, हळू, पण न अडखळता:

बाजार उठला, दिवा लागला,
पोरगा उपाशी तसाच जागला.

हनीफचा हात थांबला. बांगड्या भरून घेणारी गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "युसूफ, असं नव्हतं. लहान पोरांच्या कवितेत गुरुजी उपाशी पोर कशाला आणतील? मिरच्या, गूळ, कांदा, आणि शेवटी हे?"

"आनलं. आनलं म्हनूनच ध्यानात हाय."

"चंद्र मला स्पष्ट दिसतो. कौलावर. डोळ्यापुढे आहे माझ्या."

"तुला दिसतोच. चंद्र व्हता ना, फळ्यावर, चित्रात. कवितेत नव्हता. तू चित्र बघत बसायचास, म्या शबूद." मग जरा हसला. "तुमच्या घरी कनगी भरलेली, दिगू. बाजार उठल्यावर तुमी चंद्रच बघनार."

चहा आला तो प्यायला. तो म्हणाला, "तेवढं बदल. बाकी सोन्यासारखं झालंय." आणि बाईला पुन्हा 'चिमणी' लावायला सांगितलं.


३० जाने.

डोकं ठणकतंय.

पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाची आठवण म्हणजे काय शिलालेख आहे? चुकत नसेल तो? 'विहीर' फोनवर सांगताना दोन ओळी त्याच्याच तोंडून वरखाली आल्या असतील. असतीलच. मीच चुकलो कशावरून?

आणि 'कणगी भरलेली' काय! आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं हा माझा गुन्हा झाला? त्याच्या घरी त्या काळात चूल... मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणजे, माहीत नव्हतं. फळा पुसून तो बाहेर जायचा आणि मधल्या सुट्टीत कुठे जायचा ते आम्ही विचारलं नाही. खेळत असेल असंच वाटे.

पण कविता ही कविता असते. 'चांद कौलावर येऊन जागला' ही ओळ मी जन्मभर मनात म्हणत आलो. वर्गात चित्रं शिकवताना, मुलीला झोपवताना, दवाखान्यात. ती गुरुजींची नाही असं कुणी दुकानात बसून सांगावं?

सौ.ला दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, आधी चंद्राची. कुठली कुणाची ते न सांगता विचारलं, गुरुजींची कुठली वाटते? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दुसरी." का, तर म्हणे, "पहिली छान आहे."

हे काय कारण झालं!


१ फेब्रुवारी

वर्गातल्या राहिलेल्यांना फोन लावले. एकाला कविता आठवत नाहीत, एकाला गुरुजी आठवत नाहीत, एक हूं हूं करत राहिला आणि शेवटी म्हणाला, कोण बोलतंय. रामरावला तर विचारणारच नव्हतो, तरी विचारलं. "शेवट काय होता ते महत्त्वाचं नाही दिगंबर, पाच तारीख महत्त्वाची आहे."

याला कर्व्ह करून टाकला पाहिजे.


३ फेब्रु.

बाकीची सगळी पानं कुणालकडे गेली. त्यानं वेबसाईटवर चढवली, पीडीएफही केली. बैल फोनवर सुद्धा सुरेख दिसतो, मोठा केला तरी रेघ धारदार. आत कविता बोलते. एवढ्यासाठी तीन आठवडे भांडलो. आनंद व्हायला हवा.

'बाजार' फक्त माझ्याकडे.

त्या पानावरचा चंद्र हे माझं सगळ्यांत चांगलं काम आहे. एका रेघेत काढलाय, चार गाठींत. कौलांवर नुसता टेकलेला. चित्रात तो राहणारच, युसूफही व्हता म्हणतो. पण 'पोरगा उपाशी' या ओळीवर तो चंद्र बसवून बघितला आणि घाईघाईनं फाइल बंद केली. तो चंद्र मग छान दिसत नाही. बघत बसल्यासारखा दिसतो.


४ फेब्रु.

आज दुपारी एक गोष्ट सुचली. सुचायला नको होती.

वर दिसतं ते एक आणि आत ऐकू येतं ते एक. दोन्ही सारखं असलंच पाहिजे, असं मशीन कुठं म्हणतं? वर माझी ओळ, चंद्राखाली, कर्व्ह केलेली. आत युसूफची ओळ. बाई त्याला त्याचीच ओळ वाचून दाखवील. डोळसांना माझी दिसेल. त्याला कधी कळणार नाही. कोण सांगणार? आतलं कुणी डोळस बघत नाही, वरचं त्याला दिसत नाही. दोघंही खूश. भांडण मिटलं.

करून बघितलं. दहा मिनिटांचं काम. सेव्ह केलं. या वेळी प्रत ठेवली.

रामराव निदान तोंडावर म्हणाला, एका माणसासाठी कशाला.


४ फेब्रु., संध्याकाळ

युसूफचा फोन.

"झालं का रे 'बाजार'?"

"झालं."

"वाचून दाखव की. बाई नको. तू वाच."

फाइल उघडीच होती. आतला मजकूर वाचून दाखवला, पहिल्यापासून. मिरच्या, गूळ, कांदा. शेवटचं कडवंही. जे आत होतं ते. शेवटची ओळ जरा सावकाश वाचली.

मग म्हणाला, "गुरुजी असंच म्हनायचे. तुज्यासारखंच." आणखी म्हणाला, "ल्हिताना माझ्याकडं बघत नव्हते ते. मुद्दाम नव्हते बघत." आणि फोन ठेवला. वर काय दिसतं ते त्यानं विचारलं नाही. त्यानं कशाला विचारावं?


५ फेब्रु.

कुणाल: "काका, एकच पान राहिलंय. फायनल पाठवता ना? सचिवसाहेब दोनदा विचारून गेले."

रामरावनंही निरोप टाकलाय. वाचला नाही.

दोन्ही फाइली समोर आहेत. एकीत वर आणि आत एकच ओळ, युसूफची. दुसरीत दोन. बाहेरून दोन्हींची नावं सारखी दिसतात, शेवटी एक आणि दोन एवढाच फरक.

पहिलीत चंद्र आहे तसाच ठेवला होता. आत्ता त्याला सिलेक्ट केलंय. भोवती काळे ठिपके उमटलेत. तिथून धरून ओढलं तर लहान होईल, कौलाच्या पलीकडे नेला तर अर्धा झाकेल. कळ दाबली तर नाहीसा. सौ. जेवायला हाका मारते आहे.

येतो म्हटलं.